सहा वॅट

पंखा नको, एवढंच सांगितलं मी म्हापशाच्या दुकानात.
सिप्रियान हसला. अंकल, म्हणाला,
पंख्याशिवाय मशीन म्हणजे नाकाशिवाय माणूस.
असू दे, म्हटलं.
माझ्या आधीच्या मशीनला होतं की नाक.
दर शनिवारी ते उघडून
बोटभर तांबडी माती काढायचो.

काट्यावर होतो मी, खाणीच्या.
भरला ट्रक चढला, आकडा.
रिकामा परतला, आकडा.
वजाबाकी म्हणजे माल.
पहाटे पाचला सारमानसच्या धक्क्याकडे रांग लागायची,
आणि केबिनमध्ये तो पंखा,
ट्रक नसायचा तेव्हाही ट्रकसारखा.

खाण बंद झाली. कान काही परत मिळाले नाहीत.
डिचोलीच्या डॉक्टरने कागदावर रेघ दाखवली,
डावीकडून बरी चाललेली,
मग डंपर कड्यावरून जावा
तशी सरळ खाली.

मग तुम्हाला शांत मशीन कशाला, बाबा?
मुलगी फोनवर ओरडली.
(माझ्याशी सगळे ओरडूनच बोलतात.)
कुमुदसाठी, म्हटलं.
ती मांजराच्या पावलाने जागी होते.

एकेक पुडकं येत गेलं.
तळहाताएवढा बोर्ड.
च्युइंगगमच्या पट्टीएवढी डिस्क, तीत म्हणे
सगळ्या तालुक्याचा सात-बारा मावेल.
आणि अ‍ॅल्युमिनियमचा काळा डबा,
दोन्ही अंगांना पात्याच पात्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या.
नाक नाही, सिप्रियान. कल्ले आहेत.

तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावायची असते.
मी चण्याएवढी लावली. पुसली. परत लावली.
एक स्क्रू हातून सुटला,
पडल्याचं मला कळलंही नाही.
स्वयंपाकघरातून कुमुदने सांगितलं,
कपाटाखाली गेला, डाव्या पायाशी.

मीटर लावून पाहिला: सहा.
जुनं नव्वद खायचं आणि वर गुरगुरायचं.
आता दुपारी वीज जाते, तिला जायचंच असतं,
इन्व्हर्टरला पत्ताही लागत नाही.

बटण दाबलं. निळा ठिपका लागला.
आवाज येतो का गं?
तिने कान लावला डब्याला,
डोळे मिटून, कलिंगड पारखावं तसा.
कांयच ना, म्हणाली.
मी तिच्या ओठांवर वाचलं, आणि विश्वास ठेवला.
मला फक्त हात ठेवता येतो.
कोमट लागतं. म्हणजे चालू आहे.

रात्री मी विहिरी लिहितो.
रविवारी दोरीला दगड बांधून वाड्यावर फिरतो ना, त्या.
रुझारिनची, तिमोतच्या कुळागरातली, देवळामागची.
खाणीचा खड्डा उपसायचं थांबलं
तसं पाणी वीत वीत वर येतंय.
गेल्या मेचं, या मेचं, वजाबाकी.
सवय, दुसरं काय.
कोणी मागितलेलं नाही हे. पंचायतीने तर नाहीच.

पंधरवड्याने कुमुद म्हणाली,
तोंड माझ्याकडे करून, सावकाश,
जुनं होतं तेव्हा बरं होतं.
बिछान्यातून ऐकू यायचं, तुम्ही बसलाय.
त्या गुरगुरीवरच झोप लागायची.
आता काही कळत नाही. उठून यावं लागतं.

मला काय बोलावं सुचेना.
एवढे पैसे घातले. एवढा विचार करून.
जुन्याचा पंखा अजून माळ्यावर आहे,
तो काढून नुसताच फिरत ठेवू का, विचारलं.
वेडे की काय, म्हणाली.

श्रावणात काड्यापेटी सादळते आमच्याकडे,
दहा काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटते.
परवापासून ती झोपण्याआधी येते
आणि पेटी डब्यावर ठेवते, पात्यांवर आडवी.
पहाटे चहाच्या वेळी येऊन उचलते.
मधे एकदा, दोनच्या सुमारास,
पेटी उलटी करायला.
दुसरी बाजूही सुकायला हवी, म्हणते.