रुद्रगौडाची केस

टिळकवाडीत, तिसऱ्या गेटाजवळ,
डॉक्टर हलगेकरांच्या दवाखान्यात
एकोणीस वर्षं मी नंबर पुकारते.
फायली उघडायच्या नाहीत असा नियम आहे.
कानांना नियम नाही. शिवाय आतलं दार जुनं,
पावसाळ्यात फुगतं, नीट लागत नाही.

अशी शिकले मी.
म्हणून अनगोळात, आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर
जेवणं उरकली की बायका
एकेकाला आणून बसवतात माझ्यापुढे:
निवडणुकीला उभा तो, भाषणभर
घड्याळाचा पट्टा चाचपणारा.
'बाप लवकर गेला असणार,' मी म्हणते.
टीव्हीवर रडणारी ती मंत्रीणबाई.
'लहानपणी रडू दिलं नसेल कुणी.'
मालिकेतली सासू.
'भीती. दुसरं काय?'
'बरोब्बर बघ!' म्हणते कमळाक्का सांबरेकर
आणि अशी सुपारी कातरते
जणू तिनंच शोधून काढलं.
मंत्रीणबाई थोडीच येणार
अनगोळात, मला खोटं पाडायला?

एकदा आमची रेणू, धाकटी भावजय,
मटार सोलता सोलता म्हणाली,
'वन्सं, त्या रुद्रगौडाचं काय?
त्याचं कधी सांगतच नाही तुम्ही.'

रुद्रगौडा. कानडी मालिकेतला, साडेआठचा.
सख्ख्या भावाचं रान गिळलं त्यानं,
पुतणीला चार दिवस कोंडून ठेवलं,
पण कडी सरकवतो इतकी हळू,
निजलेलं लेकरू उठू नये तशी.
मी तेवढ्यासाठी बघते.
माझं कानडी भाजीबाजारापुरतं,
एष्ट्री, ब्याड, साक,
किती, नको, पुरे.
तेवढ्यावर त्याची अर्धी वाक्यं लागतात,
उरलेली अर्धी मी घालते.
इतकं नीट कुणी बोललंच नव्हतं माझ्याशी.

रेणूला म्हटलं, 'त्याला काही आजार नाही.
तो नुसता वाईट आहे.'
कट्टा गप्प.
कमळाक्काचा अडकित्ता उघडाच राहिला.

दिवाळीच्या आधी तो आला,
खडेबाजारात, साड्यांच्या दुकानाची फीत कापायला.
मी डोकं दुखतंय म्हणून रजा मागितली,
तीही डोक्याच्या डॉक्टरकडे. त्यांनी लगेच दिली.
अबोली रंगाची साडी, तासभर ऊन.
तो उतरला तर बुटका,
मिशी नाही, नाक सर्दीनं लाल,
कुंद्याची बशी पुढं केली तर
बोटानं सारली बाजूला.
चाललं असतं.
खरंच सांगते, एवढं सगळं चाललं असतं.
पण बांबूंच्या कुंपणापाशी येऊन तो मलाच म्हणाला,
स्वच्छ, निपाणीकडच्या मराठीत,
'मावशी, जरा सरकता काय?
वायर हाय पायाखाली.'

पहिल्यांदाच त्याचं अख्खं वाक्य कळलं.
किती लहान होतं.
मला बसायला त्यात कुठं जागाच नव्हती.
मी सरकले.

हल्ली साडेआठला मी स्वयंपाकघरात असते.
बाहेर कुणाकुणाला मारतो तो, रेणू हाक मारून सांगते.
कडी सरकली की मात्र
न सांगता कळतं.
कट्ट्यावर जाते. घड्याळवाला निवडून आला,
त्याचा बाप जिवंत निघाला, हार घालायला आलेला,
फोटोत दोघं शेजारी उभे.
कमळाक्का म्हणाली, 'बघ की, असून नसल्यासारखाच.'
मी काही बोलले नाही.

परवा एक बाई आली, माझ्याच वयाची,
पर्स पोटाशी धरलेली, बरोबर कुणी नाही.
नाव विचारलं, तर कानडीत
लांबलचक काही सांगत सुटली.
मला त्यातलं साक तेवढं लागलं,
दोनदा आलं ते.
बाकीचं मी घातलं नाही.
'कुंद्री,' म्हटलं, पाण्याचा तांब्या सरकवला.
तिचा नंबर आल्यावर आत सोडली
आणि त्या फुगलेल्या दाराला
बाहेरून खांदा दिला,
पुरतं लागेपर्यंत.