एकशे वीसची रेघ

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या सात रेघा.
सगळ्यात खालची दसऱ्याची,
पुढच्या दर रविवारच्या,
इतक्या जवळ की एकच जाड रेघ वाटावी.
आणि वर एकटीच, खडूची: एकशे वीस.
तिथं डोकं टेकलं तर उंचावरून कोसळणारी गाडी,
नाही टेकलं तर कपबशीत बसून गोल गोल.

रुंजी एकशे सतरा.
टाचा उचलल्या की साडेअठरा.
"टाचा खाली," भूपाल म्हणतो
आणि तिच्या डोक्यावर वहीचा पुठ्ठा धरतो,
कोल्ड स्टोरेजवर वजनाचा काटा बघतो तसा,
श्वास रोखून.

सुट्टी मिळेल ती जानेवारीतच.
फेब्रुवारी सरता सरता नवा बेदाणा येतो,
मग मेपर्यंत हा माणूस आमचा नसतो.
म्हणून जानेवारीचा दुसरा शनिवार,
कॅलेंडरवर, सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी,
लाल गोल.

दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब:
सांगली ते स्वारगेट एसटी, पुढं खोपोली.
मला अर्धं तिकीट. रुंजीच्या नावापुढं मी काहीच लिहिलं नाही.
पाण्याची घसरगुंडी नको, थंडीत हिला खोकला धरतो.
बर्फाची खोली वेगळी, तिचे माणशी वेगळे पैसे.
"बर्फाला पैसे?" भूपाल हसला,
"मला गारठ्यात उभं राहायचा पगार मिळतो."
कांदा-बटाटा नको, म्हणजे आत जे विकतात
त्यातलं जवळजवळ काहीच नको.
दशम्या, शेंगाचटणी, बिनलसणाचं भडंग.
जेवण दिवस मावळायच्या आत.
सासूबाईंनी फोनवर विचारलं,
"आणि पाळण्यात असतानाच मावळला तर?"
"वरून जरा उशिरा मावळतो, आई."

मी म्हटलं, उंच बुचडा बांधू,
वर लोकरीची टोपी.
तीन सेंटिमीटर कुणाला कळतंय?
भूपालनं पुठ्ठा खाली ठेवला.
काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

बोलली रुंजी, दशमीचा घास गालात ठेवून:
"मिरजेला जाताना तू कंडक्टरकाकांना सांगतेस
हिला पाच पूर्ण नाहीत,
आणि मी पाय दुमडून तुझ्या मांडीवर बसते.
तिकडं मी एकशे वीस.
मग आई, मी खरी केवढीये?"

शेजारचा बोअर चालू झाला.
माझ्या हातात पेन, टोपण उघडं.
साडेसहा वर्षांची आहेस, एवढं सांगायला
मला किती वेळ लागला!

रविवारी भूपाल तिला कुपवाडला घेऊन गेला.
हमालाचं जाकीट तिच्या घोट्यापर्यंत,
बाह्या दोन्हीकडं लोंबत.
परत आली ती ओरडतच:
"आई, माझ्या तोंडातून धूर आला! खरा धूर!
आणि मी सहा पेट्यांना थोडी कमी आहे.
बाबांनी थप्पीशी उभं करून मोजलं,
दहाबारा वेळा मोजलं,
तरी थोडी कमीच."
हे तिनं असं सांगितलं
जसं काही बक्षीस लागलंय.
खिशातून चार बेदाणे काढले, गार, चिकट,
एक मला दिला.

त्या रात्री वहीत लिहिलं:
अर्धी तिकिटं, दोन.
कपबशी, एक रांग.
बर्फाची खोली मी खोडली होती,
भूपालनं परत लिहिली, त्याच्या वाकड्या अक्षरात.
म्हणे, तिथं पेट्या नसतील, पळता येईल.

काल दोघं झोपल्यावर
मी चौकटीला पाठ लावून उभी राहिले.
टाचा खाली.
खडूची रेघ माझ्या खांद्याच्याही खाली राहिली.
त्या उंच गाडीत बसायला
मला कुणाचीच ना नाही.
भूपाल म्हणतो, तू बस, आम्ही खालून हात करतो.
रुंजीनं तर कुठल्या डब्यात बसायचं तेही ठरवलंय,
पहिल्या.

मला भीती वाटते
हे अजून दोघांनाही सांगितलेलं नाही.