मीठ उजवीकडे

मी नुसता ट्रक चालवतो.
पाठीला पट्टा बांधून कपाटं चढवतो, उतरवतो.
खोली कशी दिसावी ते एमोके ठरवते.

पटकथेत तीनच शब्द होते:
स्वयंपाकघर. रात्र. गरिबी.
तिनं दिग्दर्शकाला विचारलं, गरिबी कधीपासूनची?
तो हसला. तिला उत्तर हवं होतं.
कालपरवा गरीब झालेल्याकडे
एखादी भारी लॅम्पशेड उरलेली असते,
आणि मुरलेल्या गरिबाकडे
सुतळीच्या तुकड्यांचा गोळा,
कशाला तरी लागेल म्हणून गुंडाळत गेलेला.
बरं, तो म्हणाला, युद्धापासूनची.
मग ठीक, म्हणाली, आणि सुतळी शोधायला निघाली.

शनिवारी पहाटे पाचला, बुडापेस्टच्या पार टोकाला,
जुन्या बाजारात, टॉर्चच्या उजेडात घासाघीस.
मला एक पितळी घड्याळ फार आवडलं, टोल्यांचं.
हे नको, ती म्हणाली, याला बघून घ्यायची हौस आहे.
तिनं घेतलं
टवका उडालेलं इनॅमलचं पातेलं,
चरबीचा डबा, त्यावरचं डुक्कर पुसट झालेलं,
विटक्या पाप्रिकांची एक माळ
आणि चष्म्याचं घर, रिकामं.

मग भिंतीला चहा पाजला, चार दिवस, थोडा थोडा.
दिव्याच्या बटणाभोवती बोटांचा मळ हवा,
तो काजळी नि चरबी कालवून
स्वतःच्या बोटांनी लावला, उंची मोजून.
नायिकेची उंची नव्हे.
नायिकेच्या सासूची,
जी सिनेमात नाहीच.
ठेंगणी होती, एमोके मला म्हणाली,
शेजारीच राहत असल्यासारखी.

छत नव्हतं. वर दिवे, दोरखंड, कबुतरं.
तरी तीन दिवस आम्हा सगळ्यांना तिथं जेवायला बसवलं,
चरबीत कांदा परतून.
कॅमेऱ्याला नाक नसतं, दिग्दर्शक म्हणाला.
नटीला असतं.

शूटिंगला शेजारणीच्या कामासाठी विल्मा नेनी आली,
ऐंशीच्या पुढची एक्स्ट्रा, संवाद एकही नाही.
जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले, ती बसून राहिली.
मी खुर्ची न्यायला आत गेलो तर
ही नळाखाली कप धरून उभी.
त्या नळाला पाणी कुठलं? मागे नुसतं प्लायवूड.
तिनं कप झटकला. पालथा घातला.
मग चुलीच्या डावीकडचं मिठाचं भांडं उचललं
आणि उजवीकडे ठेवलं,
न बघता,
वाट चुकलेल्या पोराला दंडाला धरून आणावं तसं.

कंटिन्युइटीची पोरगी किंचाळली.
डाव्या मिठाचे तीन शॉट झाले होते!
एमोके आली. म्हातारीला काही विचारलं नाही.
चुलीपुढे उभी राहिली,
उजवा हात लांबवला,
पुन्हा लांबवला,
मग भिंतीला टेकली, चहाच्या डागांना.
माझंच चुकलं, म्हणाली.
डावखुरी मी आहे. सासू नव्हती.

शॉट पुन्हा घेतले नाहीत; पैसे कुणाचे?
पण मीठही कुणी परत हलवलं नाही.

दुसऱ्या सोमवारी खोली मोडली.
चाळीस मिनिटं लागली. भिंती कचऱ्यात,
पातेल्याला नंबरची चिठ्ठी, सुतळीचा गोळा
माझ्या ट्रकमध्ये घरंगळत राहिला, अजून आहे.

सिनेमा लागला तेव्हा बायकोला घेऊन गेलो.
स्वयंपाकघर सगळं मिळून अकरा सेकंद,
तेही नायिकेच्या कानामागे, धूसर.
मीठ आधी डावीकडे.
मग कुणीतरी दार उघडतं, बंद करतं,
आणि मीठ उजवीकडे.
अख्ख्या थिएटरात कुणाला काही कळलं नाही.

बायकोनं कोपरानं ढोसलं:
रडतोयस काय,
अजून तर कुणी मेलंही नाही.