दुसरा खेळाडू

मे महिना म्हणजे आमचा धंदा.
सकाळी सहाला स्कूटरवर वाळ्याचे पॅड, पंप, बेल्ट,
डबाभर ग्रीस,
आणि इंदोऱ्यापासून मनीषनगरपर्यंत
ज्याच्या त्याच्या गच्चीवर माझी पावलं.
रात्री घरी येतो तेव्हा कानात पंखेच फिरत असतात.

उर्वी तेव्हा जागीच.
शाळेनं दिलेला जुना लॅपटॉप, कॅप्सलॉक निघालेला,
आणि पडद्यावर रंगीत ठोकळे.
निळा निळ्याखाली नेला की टच करून बसतो.
पिवळा मात्र तोंड वासून असतो,
माझ्या पान्यासारखा;
आत जे घालाल ते धरून ठेवतो.
त्याच्यावर लिहिलंय : कायम.
"म्हणजे किती वेळ?" मी विचारलं.
"कायम म्हणजे कायम, पप्पा. बंद करेपर्यंत."

डावीकडे एक फळी, उजवीकडे एक फळी,
मध्ये चेंडू.
चेंडू कसला, संत्रं. तयार चित्रांत होतं ते.
"नागपूरचे आहो ना आपण, दुसरं काय घेऊ?"

पहिल्याच रात्री गंमत झाली.
उजवी फळी तिनं नव्यानं केली नव्हती,
डावीचीच नक्कल काढली होती,
आणि नकलेबरोबर आतले ठोकळेही आले.
डावी वर गेली की उजवीही वर,
डावी खाली की उजवीही.
"हिच्या कळा वेगळ्या पाहिजेत,"
असं स्वतःशीच पुटपुटत ती एकेक ठोकळा उघडत बसली.
मला भाऊ आठवला.
एकाच बापाचा हात पाहून शिकलो आम्ही,
एकाच वेळी दोघांनाही
त्याच एका दुकानात, त्याच एका खुर्चीवर बसायचं होतं.
भिंतीपलीकडे राहतो. चार उन्हाळे झाले.
त्याचा कूलर कोण दुरुस्त करतं, माहीत नाही.
आवाजावरून वाटतं, कोणीच नाही.

आठवडाभर उर्वी एकटीच दोन्हीकडून खेळली.
डाव्या हातानं डबल्यू आणि एस,
उजव्या हातानं बाण.
"दोन्ही हात एकमेकांले ओळखून रायले," ती म्हणाली,
"कोणी हरूनच नाही रायलं."
एकदा मी बसलो. माझं बोट जाड,
दोन कळा एकदम दाबायचं.
तिसऱ्या संत्र्याला माझा डोळा लागला.

मग काल.
पंप घरीच विसरलो म्हणून चार वाजता परत आलो.
बाहेर पंचेचाळीस. डांबर चपलेला धरत होतं.
दारात एक चप्पल दुसऱ्याच मापाची.
आत उर्वी, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून
भावाचा सुमेध.
कीबोर्ड एकच. दूर बसणार तरी कुठे?
"माझ्या बटनावर काऊन येऊन रायला बे?"
"तूच सरक ना."
संत्रं काठाला लागून परत फिरत होतं,
फळीला लागत होतं, निसटत होतं.
त्यांनी मला पाहिलं.
म्हणजे डोळे वळले. बोटं नाही.

"तुझे चौदा कसे? आत्ताच तर चालू केला."
"कालचे हायेत. शून्य करायचंच राहून गेलं."
तिनं झेंड्याखाली एक केशरी ठोकळा नेऊन डकवला.
टच.
दोघांचंही शून्य.

मी पंप उचलला, परत ठेवला.
टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं,
जाळीच्या पट्ट्या त्या दोघांकडे वळवल्या,
आणि जरा वेळ भिंतीपाशी उभा राहिलो.
पलीकडचा कुरकुरत होता.
बेअरिंग गेलंय.
तेलानं भागायचं नाही आता,
खोलावाच लागेल.
बारा नंबरचा पाना लागतो त्याला.