वामकुक्षी

दुपारी एक ते चार म्हापसा झोपतो.
शटरं खाली, कुत्री हातगाड्यांखाली,
पदेराचा भोंपू अजून लांब.
आई सांगायची, जेवल्यावर डाव्या कुशीवर पडावं,
अन्न जिरतं.

माझी बॅग झोपत नाही.
वीस सिरिंजा, स्वॅब, पाण्याच्या कुप्या,
वापरलेल्या सुयांसाठी जाड झाकणाचा पिवळा डबा,
नालॉक्सोनच्या दोन अँप्यूल मोज्यात गुंडाळून,
आणि एक वही, जिच्यात कुणाचंच नाव नाही.
उ-९४. ब-०१. अक्षर आणि जन्माचं साल.
एवढ्यावर ओळखते मी
कुणाच्या कुठल्या हाताची शीर अजून शाबूत आहे.

फार्मसीवाले केंकरे एकदा म्हणाले,
सुया तुम्हीच वाटता, वर त्यांना वाचवताही तुम्हीच?
मी हसले, स्कूटर काढली.
त्याआधी कुणालातरी नीट उत्तर दिलं होतं,
मुद्देसूद, पंधरा मिनिटं.
त्या दिवशी धुळेरला पोचले तेव्हा
शेजारणीने चादर आणून ठेवली होती.

आज दोन वीसला फोन.
बॉस्को. "बाय, तो उठना."
मग श्वास. मग, "पोलीस येतले?"
आधी तो, म्हटलं. ओठ बघ.
"निळे. जांभळं खाल्ल्यासारखे.
मघाशी घोरत होता गे, आम्हांला वाटलं झोपलाय."

आम्हांला वाटलं झोपलाय.
सगळं गावच घोरत होतं.

एकशे आठला कळवलं. फोन हेल्मेटात खुपसला.
हनुवटी वर कर. नाक दाब. तोंडाला तोंड लाव.
फुंक. छाती उचलली?
आता पाचपर्यंत मोज, आणि परत.
बॉस्को मोजत होता,
आधी इंग्रजीत, मग कोंकणीत,
तिनावर चुकला, पुन्हा एकपासून,
आणि आंसाभाटच्या उतारावर
मीही हेल्मेटच्या आत त्याच्याबरोबर
एक, दोन, तीन, चार, पाच,
फुंक.

सोडा कारखान्याची मागची भिंत.
उ-९४, पाठीवर, चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या.
अँप्यूल मोडताना अंगठा कापला, नेहमी कापतो.
मांडीत टोचलं, जीन्सवरूनच.
तीन मिनिटं.
तीन मिनिटांत भात उतू जातो,
तीन मिनिटांत मी एका माणसाच्या
गळ्यातल्या कंठमण्याकडे बघत राहिले,
बॉस्को फुंकत राहिला.
दुसरी अँप्यूल.

मग तो आला.
आला तो शिव्या देतच.
कुणी सांगितलं होतं तुला, म्हणाला, माझे पैसे गेले,
अंगभर काटा, नाकातून पाणी, रडणं.
दे शिव्या, म्हटलं. मोठ्याने दे.
शिवीला श्वास लागतो.

औषध तासाभरात उतरेल, आतलं विष उतरलेलं नसेल,
तेव्हा आता काही घेऊ नकोस, एकटा राहू नकोस,
हे तीनदा सांगितलं, एकदा बॉस्कोला.
मग त्याला डाव्या कुशीवर वळवलं,
गुडघा पुढे, तळहात गालाखाली,
म्हणजे ओकारी आली तरी घशात जायची नाही.
लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं
हुमण-भात जेवून पडलाय कुणी सावलीत.

ॲम्ब्युलन्स आली. बॉस्को पळाला नाही.
इस्पितळाच्या वाटेवर त्याने माझी बॅग धरली होती,
दोन्ही हातांनी, तान्ह्या पोरासारखी.

परत आले तेव्हा चार वाजून गेले होते.
शटरं वर जात होती, एकामागून एक, कर्कश.
केंकऱ्यांनी माझा अंगठा पाहिला,
काही विचारलं नाही, बँड-एड दिलं,
दोन रुपये घेतले.
घेतले ते बरं वाटलं.

दुकानाच्या पायरीवर वही उघडली.
तारीख. उ-९४. अँप्यूल दोन. वेळ.
शेऱ्याच्या रकान्यात आधी लिहिलं, झोपला.
ते खोडलं.
लिहिलं, श्वास चालू.
आणि खाली, जागा होती म्हणून,
सकाळपासून जेवला नव्हता.