प्रति शेअर एक रुपया दहा पैसे

मकरपुरा जीआयडीसी, प्लॉट पाचशे बारा.
आम्ही पितळी व्हॉल्व्ह करतो, अर्ध्या इंचापासून चार इंचांपर्यंत.
शेअर बाजारात आमचं नाव आठवड्यातून एखाद-दोनदा हलतं,
कोणी वारलं की,
किंवा कोणाच्या घरी लग्न निघालं की.

मी इथली कंपनी सेक्रेटरी. सही करते व. म. फणसे,
म्हणून परगावचे भागधारक मला 'महोदय' लिहितात.

लाभांशाचं धोरण मीच लिहिलं. दीड पान.
'करोत्तर नफ्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत,
परिस्थिती पाहून.'
पंचवीस टक्के कोणीही काढील, कॅल्क्युलेटर आहे.
एकवीस वर्षं मी पगार घेतला तो 'परिस्थिती पाहून'चा.

आज बोर्डापुढे नवी भट्टी आणि लाभांश
एकाच कागदावर, एकाखाली एक.
निमिष म्हणतो, सगळा पैसा आत ठेवा, आत पिकतो.
परदेशात शिकून आलाय,
आणि आंब्याच्या अढीबद्दल बोलावं तसं बोलतो.
किरीटभाई चष्मा पुसतात. "घरची गाय आटली
असं लोकांना वाटता कामा नये, फणसेबेन."
गाय आटलेली नाही. पण एकसष्ट टक्के शेअर याच घरातले,
म्हणजे वाटलेल्या प्रत्येक रुपयातले एकसष्ट पैसे
टेबलाच्या त्याच बाजूला सरकतात,
चहाचा ट्रे तेवढा माझ्या बाजूला.

विश्वामित्री ऑफिसात शिरली त्या वर्षी
लेजरं गच्चीवर वाळत घातली होती पापडांसारखी,
वर व्हॉल्व्ह ठेवून, उडू नयेत म्हणून.
तेव्हाही साठ पैसे दिले.
मिनिट्समध्ये आहे: 'राखीव निधीतून'.
राखीव निधी कागदावर होता,
नोटा ओव्हरड्राफ्टमधून आल्या.
खोटं नव्हतं. मी कायदा दोनदा वाचून लिहिलं होतं.
त्याच पानावर खाली ठराव क्रमांक नऊ,
कामगारांचा वाढीव बोनस पुढे ढकलण्यात येत आहे.
दोन्हींना अनुमोदन एकाच माणसाचं,
अक्षर माझं.

सर्वसाधारण सभेला बाबाजीपुऱ्यातून टिपणीस येतात.
चाळीस शेअर. दरवर्षी उभे राहून एकच प्रश्न,
यंदा भंगार कोणत्या भावानं गेलं?
उत्तर मिळालं की बसतात.
सेवउसळ आणखी घ्या म्हटलं तर म्हणतात,
"घेतो. हिच्यावर कर नाही ना?"

शेवटी ठरलं, एक रुपया दहा पैसे.
भट्टी पुढच्या वर्षी बघू.
निमिषनं फोन उलटा ठेवला, किरीटभाईंनी सुलटा,
आणि मी तारीख घातली.

पैसे गेले सप्टेंबरच्या अखेरीस.
दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
जुन्या भट्टीवरचा ईश्वर राठवा दारात, हातात मोबाईल,
भुवया जळून विरळ झालेल्या.
रौप्यमहोत्सवाला सगळ्यांना दहा-दहा शेअर दिले होते,
बाकीच्यांनी विकले, हा विसरून गेला.
स्क्रीनवर मेसेज: अकरा रुपये जमा.
"बेन, हे कोणी पाठवले? परत करायचे काय?"

नको रे, तुझेच आहेत, मी म्हटलं.
कंपनीत तुझाही हिस्सा आहे, एवढासा. मालक आहेस तू.
तो हसला. हसून झाल्यावर थोडा वेळ उभाच राहिला.
"मग भट्टीच्या दाराच्या विटा बदलायला सांगू काय?
डाव्या बाजूच्या. आच बाहेर येते."

माझ्या तोंडाशी ते दोन शब्द आलेच होते.
गिळले. म्हटलं, लिहून दे, बोर्डापुढे ठेवते.

"तुम्हीच लिहा ना," म्हणाला,
"तुमचं अक्षर चांगलं आहे."