रकाना सातवा

विट्याच्या तहसीलसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल. वर फाटकी छत्री, खाली चहाचे डाग.
उत्पन्नाचे दाखले, वारसनोंदी, रेशनकार्डातली नावं,
दिवसाला वीसेक माणसं मी कागदावर उतरवतो.
कोळशाचा अर्ज मात्र बावीस वर्षांत पहिलाच.

आमच्याकडची माणसं सोनं गाळायला जातात.
केरळात, बंगालात, जिथं सराफकट्टा
तिथं खानापूरचा एखादा मूस घेऊन बसलेला.
लेंगऱ्याचा सिदू खरात तेवढा वाट चुकला.
वणीच्या बाजूला उतरला, भुईच्या पोटात,
आणि एकतीस वर्षांनी वर आला
तो खोकतच.
माघात गेला.

बायडाबाईनं पिशवी उलटी केली.
मिरजेचे एक्सरे, जुन्या कॅलेंडरासारखे गुंडाळलेले.
पगाराच्या चिठ्ठ्या, अक्षरं उडालेल्या.
पितळेचा बिल्ला, चारशे सतरा,
हा दिला की खाली जायला दिवा मिळायचा.
"कुठं द्यायचा अर्ज, तेवढं सांगा.
पंचायतीत म्हणाले, सांगलीला जा.
सांगलीत म्हणाले, बाई,
आपल्या जिल्ह्यात खाणच नाही."

नाहीच.
आमचा कोळसा इस्त्रीवाल्याच्या पोत्यात संपतो.

नागपूरला फोन लावला. चौथ्यांदा उचलला.
शेवटी जिथं काम केलं, त्या खाणीमार्फत द्या.
साहेब, ती खाण बंद पडली, पाणी भरलंय.
मग इकडं पाठवा. तीन प्रती. आणि मुदतीत.
मुदत कधीपासून धरायची?
आजार कळला त्या तारखेपासून.

रकाना सातवा:
आजार प्रथम केव्हा व कोठे निदर्शनास आला.
मी मिरजेच्या कागदांत शिक्क्याची तारीख शोधत होतो.
ती सांगत होती:
"उशीचा अभ्रा धुताना. पाणी काळं उतरलं.
थोरली पोटात होती तवा.
मी म्हटलं, डोक्याला तेल जास्त लावत असतील."

थोरलीचं पोरगं यंदा दहावीला आहे.

एवढी मुदत कुठल्या कायद्यात बसवू?
मी लिहिलं: अकरा जून, मिरज.
खोटं नव्हतं ते. शिक्का होता.

अंगठा घेतला, तीन प्रतींवर तीनदा.
चिंधी पुढं केली. घेतली नाही तिनं.
काळा अंगठा उन्हात धरून बघत राहिली.
"ह्यांची नखं रविवारीबी अशीच."

पोस्टाची खिडकी तीनला बंद होते, मी म्हणालो,
निघा आता. पोच मिळेल, ती हरवू नका.
पैसे विचारले तिनं. मी झेरॉक्सचेच घेतले,
तेही सुटे नव्हते म्हणून दोन रुपये कमी.

बिल्ला टेबलावरच राहिला.
नागपूरहून काही आलं तर वाचून घ्यायला येईल,
तेव्हा देईन.
तोवर वारं फार सुटतं या रस्त्यावर,
म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यांवर ठेवलाय.